नकाशावर नसलेली हद्द

९ सप्टेंबर १९५२

…राख काढून झाली होती, कोंबड्यांना दाणे टाकून झाले होते आणि मी परातीत पीठ मळत होते. आयझॅक चुलीशी बसून बुटांना चरबी चोळत होता. आठवडाभर त्याला खोकला होता. बाहेर पाऊल टाकायचं नाही असं मी बजावलं होतं, तेव्हा बूट चोळण्यापलीकडे त्याला काही उद्योग नव्हता. मधेच उठून तो खिडकीशी गेला आणि म्हणाला, "वारा फिरला. संध्याकाळच्या आत येतं बर्फ." मी म्हटलं, "येऊ दे." तो परत बसला. ओटची पेज थंड झाली होती, ती त्याने तशीच खाल्ली.

मग गल्लीतून मेंढरांचा आवाज आला. आमच्या घराखालच्या वाटेनेच सगळ्यांचे कळप डोंगरावरून उतरतात. लँटी थेक्स्टनचा कळप होता. सगळ्या पाठींवर निळा पट्टा. मी खिडकीतून बघत होते, एक तरी तांबडा पट्टा दिसतो का. आमच्या मेंढरांचा पट्टा तांबडा. एकही दिसला नाही. बर्फ यायच्या आधी जो वर जातो तो शेजाऱ्याची मेंढरंही घेऊन उतरतो, हे आमच्या ब्रेथडेल खोऱ्यात कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. लँटी आमच्या फाटकाशी क्षणभर थांबला. घराकडे पाहिलं. मग कुत्र्याला शीळ घालून निघून गेला. माझे हात पिठात होते.

आयझॅकनेही खिडकीतून पाहिलं. चरबी लावलेले तेच बूट त्याने पायात घातले.

फेब्रुवारीतली ही सकाळ मी रोज एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवते. जपमाळेसारखी. ही वही एस्थरने दिली. म्हणाली, "आई, मनातलं लिहीत जा, हलकं वाटेल." पोरगी केंडल शहरात राहून शहाणी झाली आहे. मला हलकं व्हायचं नाही. मला विसरायचं नाही, म्हणून लिहिते.

१६ सप्टेंबर

फिरत्या वाचनालयाची गाडी आली. आमच्या परगण्यावरचं एक जाड पुस्तक आणलं. लिहिणारा लंडनचा आहे. वेस्टमोरलँडचे दगड, तळी, पाऊस, चर्चचे मनोरे, सगळं त्याने नीट लिहिलं आहे. पाऊस तर इंचांत मोजून दिला आहे. मी शाळेत चार वर्षंच गेले, पण नकाशा वाचता येतो. आमच्या स्कार डोंगराच्या जागी नकाशात पांढरा कोरा कागद आहे. एक झरा, एक उंचीचा आकडा, बस.

आणि माणसांबद्दल एक प्रकरण आहे. 'इथले लोक अबोल, शब्दाचे पक्के, आणि त्यांच्या डोंगरांवरच्या धुक्यासारखा त्यांचा राग लवकर विरतो.'

लिहिणारा माझ्या दारी आला नव्हता.

आज लँटी वरच्या कुरणात दिसला. हल्ली सगळं डाव्या हाताने करतो. उजवा खिशात असतो. आयझॅकचा देह खाली आणला त्या सकाळी तो आमच्या दारात उभा होता, दोन्ही हात गोणपाटात गुंडाळलेले. आत ये असं मी म्हटलं नाही. त्यानेच आयझॅकला शोधलं होतं, वरच्या गडग्याच्या आडोशाला. शोधणारच. आमची मेंढरं कुठे सोडून आला होता ते त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक होतं?

त्याचा हात झडतो आहे असं नॅन म्हणते. नॅन फॉसेट टपाल कचेरी चालवते, तिला सगळ्यांचं सगळं कळतं. मी म्हटलं, "झडू दे."

२५ सप्टेंबर

यॉर्कशायरचा मेंढरांचा व्यापारी आज येऊन गेला. हॉर्सफॉल नाव. तांबडा गोल चेहरा, पिवळा कोट. मी चहा दिला आणि गप्प बसले. त्याला ते सहन होईना.

"तुमच्या या खोऱ्यात बोलायला पैसे पडतात का हो, बाई?"

"तुमच्याकडे फुकट असेल. दिसतंच आहे."

तो मोठ्याने हसला. मग मेंढरं बघितली. दात बघितले, पाठी चाचपल्या, खूश झाला. "किती द्यायच्यात?"

"सगळ्या."

"म्हाताऱ्या काढून देता ते ठीक. पण या तर डोंगराशी बांधलेल्या मेंढ्या. हेफ्टवरच्या, आपलं रान न सोडणाऱ्या."

"मी सगळ्या म्हटलं."

त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "बाई, मी लबाड माणूस आहे, पण हे मलासुद्धा बरं वाटत नाही. डोंगरावरचा कळप असा कुणी मुळापासून उपटून विकत नाही. तुमच्या शेजाऱ्याचं काय होईल?"

"शेजाऱ्यासाठीच विकते आहे," मी म्हटलं.

त्याला कळलं. व्यापारी असला तरी मेंढरांतला माणूस आहे. नोव्हेंबरच्या शेवटच्या बुधवारी लॉऱ्या घेऊन येतो म्हणाला. जाताना फाटक उघडं टाकून गेला.

२७ सप्टेंबर

पाऊस. इंचांत मोजला नाही.

६ ऑक्टोबर

वहीत एकदा नीट लिहून ठेवते, म्हणजे मी काय करते आहे ते माझं मलाच स्पष्ट राहील.

स्कारवर कुंपण नाही. वरच्या गडग्यापासून पुढे तीन खोऱ्यांपर्यंत मोकळा डोंगर. तरी आमची मेंढरं झऱ्याच्या अलीकडे चरतात आणि थेक्स्टनची पलीकडे, आमच्या आजोबा-पणजोबांपासून. कोकरू आईच्या मागे फिरतं तेव्हाच शिकतं, आपलं रान कुठवर. त्यालाच हेफ्ट म्हणतात. दोन कळप एकमेकांना रेटून धरतात, दोन म्हाताऱ्या बाकावर टेकून बसतात तशा. एक उठली की दुसरी कलंडते.

आमचा कळप गेला की पहिल्या वसंतात त्याच्या मेंढ्या झरा ओलांडतील. गवत मोकळं, कोण सोडतं? मग आणखी पुढे, कड्यांकडे, मग खिंडीपलीकडे रस्त्यावर. नवी कोकरं मोकळ्या रानात भटकणारी निपजतील. दोन-तीन वर्षांत त्याचा कळप तीन खोऱ्यांत विखुरलेला असेल आणि तो डाव्या हाताने शिट्ट्या घालत फिरेल. शंभर वर्षांचं काम मी एका बुधवारी मोडू शकते आणि कायद्यात त्याला नावसुद्धा नाही. मेंढरं माझी, जमीन माझी.

हे लिहिताना मला भूक लागली. कितीतरी महिन्यांनी. दोन अंडी खाल्ली.

१२ ऑक्टोबर

एस्थर आली होती. आल्याची वडी घेऊन, रेशनची साखर वाचवून केलेली. केंडलला चल म्हणते. तिच्या घरात गॅसची शेगडी आहे, संडास आत आहे.

"मेंढरं विकते आहे," मी सांगितलं.

"छान. लँटीकाकाला दे ना. दोन्ही रानं एक होतील. तो सांभाळेल."

"त्याला काका म्हणू नकोस."

"आई, तो मला खांद्यावर बसवून कोकरं दाखवायचा गं. आता एकदम काय म्हणू त्याला?"

मी उष्टी भांडी तिच्यापुढे सरकवली. ती भांडी घासू लागली. पाठमोरी म्हणाली, "बाबांचा आणि त्याचा एडक्यावरून वाद झाला होता ना? मागच्या मेंढरांच्या मेळ्यात?"

"कसला वाद. त्याचा एडका आपल्या मेंढ्यांत घुसला, तुझे बाबा चार शब्द बोलले."

"काय बोलले?"

मला ठाऊक नाही. मेळ्याला बायका स्वयंपाकघरात असतात. मी मटणाच्या पातेल्याशी होते.

१९ ऑक्टोबर

वरच्या गडग्याला मार्चपासून खिंडार होतं. बर्फाने तीन हात भिंत लोळवली होती. आज वर गेले तर भिंत उभी. कुरणसमितीने माणूस पाठवला असेल. बेपर्वा माणूस दिसतो. खालचे थर चांगले बसवलेत, पण वरचे उभे दगड ओळीत नाहीत, सगळे एका बाजूला झुकलेले, एका हाताने उचलून ठेवल्यासारखे. आयझॅकने बघितलं असतं तर पाडून पुन्हा रचलं असतं.

तिथेच बसले थोडा वेळ. तिथेच तो सापडला होता. वारा लागत नाही तिथे, हे खरं. जागा चांगली निवडली होती त्याने.

फ्लाय बसली नाही. ती म्हातारी कुत्री त्या जागेच्या भोवती फिरत राहते, वास घेत.

४ नोव्हेंबर

पुस्तक परत केलं. गाडीवरचा माणूस म्हणाला, "कसं वाटलं, मिसेस माउन्सी?"

"दगड बरोबर आहेत. माणसं चुकलीत."

"म्हणजे?"

"राग विरतो म्हणतो."

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करते आहे. आमच्याकडे गंमत आणि खरं एकाच आवाजात बोलतात, बाहेरच्याला फरक कळत नाही. मग त्याने मला दूरच्या बेटांवरचं एक पुस्तक दिलं. तिथेही पाऊसच आहे.

१५ नोव्हेंबर

आज मेळा झाला. यंदा आयझॅकच्या जागी मी उभी राहिले. स्वयंपाकघरात गेले नाही.

'फ्लीस' खानावळीच्या मागच्या अंगणात नेहमीसारखे वाडे घातले होते. ज्याच्याकडे दुसऱ्याचं मेंढरू आलं असेल त्याने ते आज परत आणायचं. मालकाने कानाला पाडलेली खाच आणि पाठीचा पट्टा बघून म्हणायचं, 'माझं.' आणि आणणाऱ्याला एक पेला बिअर पाजायची. एवढाच विधी. जॉन्टी एअरी सगळ्यांत म्हातारा, तो वाड्याच्या दांडीवर बसून ओरडत होता. "हा कान कुणाचा? अरे, हा कान आहे का चाळण? फॉसेट, तुझ्या बापाला कात्री धरता येत नव्हती, तुलाही येत नाही!" नॅनचा नवरा फॉसेट म्हणाला, "तुझ्या कानापेक्षा बरा आहे, म्हाताऱ्या. यातून आवाज तरी जातो." सगळे हसले. मलाही हसू आलं असतं.

मग लँटी आला. तीन मेंढ्या घेऊन. तांबडे पट्टे.

त्यांत डचेस होती. आमची एका शिंगाची म्हातारी, आयझॅकची लाडकी. ती बर्फात मेली असंच मी धरून चालले होते. जॉन्टी ओरडला, "जेनेट, बघ, तुझी डचेस हवापालट करून परत आली! अंगाने भरली की गं!"

लँटीने टोपी काढली. डाव्या हाताने. "तिन्ही तुझ्या आहेत. खिंडीपलीकडे होत्या, पार रेव्हनडेलमध्ये."

खिंडीपलीकडची मेंढरं एका फेरीत सापडत नाहीत. मी विचारलं नाही, कितीदा गेलास. मी म्हटलं, "माझ्या." मग म्हटलं, "मेंढरं उचलून आणायला येतं तर तुला. फेब्रुवारीत काय झालं होतं?"

सगळ्यांच्या माना लँटीकडे वळल्या. 

लँटी टोपीकडे बघत होता. "आयझॅक म्हणाला होता."

"काय म्हणाला होता?"

"इथेच. मागच्या मेळ्याला. 'माझ्या मेंढरांना पुन्हा हात लावलास तर याद राख.'"

"रागात म्हणाला असेल!"

"म्हणाला होता, जेनेट."

मी जॉन्टीकडे पाहिलं. तो दांडीवरून खाली उतरला होता. "म्हणाला होता खरा," तो म्हणाला. "आम्ही सगळे होतो."

"आणि तू ते धरून बसलास? बर्फ येताना?"

"त्याचा शब्द होता. तो काय माझा होता मोडायला?"

"मग फाटकाशी कशाला थांबलास? मी बघितलं तुला. कशाला थांबलास?"

त्याने टोपी हातात फिरवली. "कुणी हाक मारली असती तर परत वर गेलो असतो."

हाक! त्याला हाक मारायची! आम्ही! मी तिथेच सगळ्यांसमोर बिअरचे पैसे टाकले, पेला भरून घेतला, त्याच्यासमोर धरला, आणि त्याने हात पुढे केल्यावर जमिनीवर ओतला. डोळ्यांत डोळे घालून, शेवटच्या थेंबापर्यंत. त्याने उजवा हात पुढे केला होता. पट्टी मळकी होती.

या खोऱ्यात असं कुणी कधी केलं नव्हतं. छान वाटलं. घरी येईपर्यंत छान वाटत होतं.

१८ नोव्हेंबर

नॅन टपाल घेऊन आली. टपाल काही नव्हतं.

"तुला शोभलं नाही ते, जेनेट."

"मला काय शोभतं ते मी ठरवीन."

"त्याच्या हाताचं कळलं का? बोटं काढणार आहेत. हाडापर्यंत सडलंय. पुढच्या आठवड्यात केंडलला नेणार."

"बरं."

"ते कशाने झालं, ठाऊक आहे तुला?"

"नाही. मला कुणी सांगितलं नाही."

"तू कुणाला सांगू दिलंस का? आयझॅकला शोधायला गेलेले बाकीचे कंदील घेऊन उतरले, वाट दिसेना म्हणून. हा एकटा वर राहिला. फावडं मोडलं तर हातांनी बर्फ उपसत बसला, गडग्याच्या कडेकडेने, उजाडेपर्यंत. वेडा."

मी चहा ओतत होते, ओतत राहिले. मग म्हटलं, "उपसला असेल. उशिरा उपसला."

"तू दगड आहेस."

"दगड बरोबर आहेत असं मी गाडीवाल्यालाही सांगितलं."

नॅन चहा न पिता गेली. तिचा चहा मी प्यायले.

२० नोव्हेंबर

शब्दाचे पक्के, असं त्या लंडनच्या माणसाने लिहिलं होतं. तेवढं वाक्य बरोबर होतं, हे मला आत्ता कळतं आहे. आयझॅक बोलला. लँटीने ऐकलं. आयझॅकला ठाऊक होतं की आपण बोललो आहोत, म्हणून निळे पट्टे तेवढे उतरताना पाहून त्याने तोंडातून अक्षर काढलं नाही, बूट घातले. उलट झालं असतं, लँटी बोलला असता, तर आयझॅकनेही लँटीची मेंढरं वरच सोडली असती. सोडली असती. मला माझा नवरा ठाऊक आहे.

याने माझा राग कमी झालेला नाही, हे इथे लिहून ठेवते. उलट आता त्याला जायला जागा नाही, म्हणून आहे तिथेच जास्त जळतो. लॉऱ्या बुधवारी येणार.

२५ नोव्हेंबर

आज दुपारी मेंढरं आपणहून गडग्याकडे सरकू लागली. वारा फिरला आहे. ईशान्येकडे आकाश शिशासारखं. मी फ्लायला म्हटलं, उद्या दुपारपर्यंत येतं.

उद्याच बुधवार. हॉर्सफॉल सकाळी येईल. माझी मेंढरं तेवढ्यासाठी उद्या पहाटे उतरवायचीच होती.

चार वाजता बेसी थेक्स्टन फाटकाशी आली. लँटीची बहीण, दोघं अविवाहित, एकाच घरात जन्म काढला. तिचे पाय गेल्यापासून ती दारापलीकडे गेलेली मी पाहिली नाही. दोन काठ्या टेकत आली होती, आणि धाप लागली होती तरी फाटकाला टेकली नाही.

"हवा बदलली," ती म्हणाली.

"हो."

"लँटीला काल नेलं केंडलला. तीन बोटं."

"ऐकलं."

"शनिवारशिवाय सोडत नाहीत म्हणे."

"बरं."

ती स्कारकडे बघत होती. वर झऱ्यापलीकडे निळे पट्टे दिसत होते, मुंग्यांएवढे. मी तिच्याकडे बघत होते. माग, म्हटलं मनात. एकदा तोंडाने माग. मग मी 'नाही' म्हणेन. किती महिने हा शब्द मी जिभेखाली ठेवला आहे.

"येते तर," ती म्हणाली आणि वळली.

मी तिला हाक मारली नाही. ती गल्लीच्या वळणापर्यंत जाईस्तोवर किती वेळ लागला, ते मी बघत उभी राहिले. एकदा ती थांबली. घराकडे पाहिलं. मग गेली.

काही करायचं नाही. एवढंच. यापेक्षा सोपा सूड कुणाला मिळाला असेल? उद्या माझी मेंढरं उतरवायची, त्याची वर ठेवायची. लॉऱ्यांचीसुद्धा गरज नाही, बर्फच सगळं करेल. शनिवारी तो सात बोटं घेऊन परत येईल आणि गडग्याच्या कडेला खोदायला बसेल. आणि विचारलं तर मी म्हणेन, मला कुणी हाक मारली नाही.

हे वाक्य लिहिलं आणि थांबले. मघापासून त्याकडे बघते आहे.

ते माझं वाक्य नाही. त्याचं आहे. फाटक, क्षणभर थांबणं, घराकडे बघणं, शीळ घालून जाणं, सगळं त्याचं. मी उद्या तेच केलं तर आम्ही दोघं बरोबरीचे होऊ. मग तो माझ्याकडे सरळ बघू शकेल. 'जेनेट, तू आणि मी सारखेच,' असं त्याला न बोलता म्हणता येईल, आणि आमच्याकडे न बोललेलंच जास्त ऐकू जातं. मला त्याच्याशी बरोबरी नको. त्याने जन्मभर माझ्यासमोर मान खाली घालावी, हेच मला हवं आहे. माझं घर बघताना, माझा तांबडा पट्टा बघताना, दर मेळ्याला.

चरबीचा डबा फडताळात होता, शोधला. आयझॅकचे बूट मला मोठे होतात, पण दोन जोड पायमोजे घातले की बसतात.

३० नोव्हेंबर, रविवार

चार दिवस बर्फ आहे. वही आज उघडली. हे दयेने केलं असं कुणी म्हणू नये. नॅनने म्हटलंच आहे, तिला मी दार दाखवलं. चर्चला गेले नाही.

बुधवारी मी उजाडताच फ्लायला घेऊन वर गेले. झरा ओलांडला. आधी त्याचा कळप खाली आणला, गल्लीने, आमच्या फाटकावरून, आणि त्याच्या वाड्यात घालून आगळ लावली. बेसी खिडकीत होती, मी वर पाहिलं नाही. हॉर्सफॉलच्या लॉऱ्या आमच्या दारात उभ्या होत्या. तो म्हणाला, "बाई, मेंढरं कुठे आहेत?" मी म्हटलं, "वर आहेत, आपल्या रानात. यंदा विकायची नाहीत." तो बरंच बोलला. मी ऐकायला थांबले नाही. बर्फ सुरू झालं होतं, आणि मला माझी आणायची होती.